पान उलटून पाहा
वाचकांचे प्रश्न : बागेतली कीड

पाऊस ओसरू लागला की पत्रांचा सूर बदलतो. आषाढात ‘काय लावू?’ असे विचारणारे वाचक आश्विनात ‘काय मारू?’ विचारायला लागतात. सोबत फोटोही असतात, पण बहुतेक फोटोंत पानाची वरची बाजू दिसते. किडी राहतात पानामागे, कोंबात, देठाच्या बेचक्यात नाही तर मातीत. त्यामुळे पुढच्या बऱ्याच उत्तरांची सुरुवात ‘आधी हे पाहा’ अशीच झाली आहे.

जास्वंदीवर कापूस चिकटल्यासारखी पांढरी कीड आहे. कडुनिंबाचे तेल आणून तीनदा फवारले. कीड तशीच, उलट काही पाने करपली. कळ्या उमलायच्या आधीच गळतात. झाड उपटून टाकू का?
— एक वाचक, ठाणे

उपटू नका. हा पिठ्या ढेकूण आहे. शेंड्याची पाने आखडून कोबीच्या गड्ड्यासारखी झाली असतील आणि एक किडा काडीने चिरडल्यावर लालसर द्रव निघत असेल, तर तो गुलाबी पिठ्या ढेकूण. त्याच्या लाळेमुळे कोंबाची वाढच बिघडते, म्हणून कीड मेल्यावरही तो शेंडा सरळ होत नाही. असे शेंडे गड्ड्याच्या खाली चार-सहा इंचांवर कापा आणि लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा. पिशवी चार दिवस कडक उन्हात ठेवा. कापलेले शेंडे कंपोस्टात किंवा शेजारच्या कुंडीत टाकले, तर त्यांतली पिल्ले चालत परत येतात.

आता तेलाचे. पाने का करपली याचे उत्तर पंपाच्या नळीत आहे. पंपात लिटरभर पाणी घेऊन त्यात चमचाभर तेल ओतले आणि हलवले, तरी दोन मिनिटांत तेल वर तरंगते. नळी पाणी ओढते तळातून. म्हणजे सुरुवातीच्या पानांवर गेले नुसते पाणी, आणि तळ गाठल्यावर शेवटच्या फांदीवर गेले जवळजवळ निव्वळ तेल. कीड जगली ती पाण्याने भिजलेल्या पानांवर, करपली ती तेल बसलेली पाने.

तेल आधी फोडून घ्यावे लागते. वाटीत ५ मिली कडुनिंबाचे तेल आणि ३ ते ४ मिली पातळ साबण एकत्र घोटा. त्यात कोमट पाणी थोडे थोडे घालत चमच्याने फेटत राहा. मिश्रण दुधासारखे पांढरे झाले आणि वर तेलाचा तवंग राहिला नाही, की मग ते एक लिटर करा. फवारताना मधूनमधून पंप हलवा आणि केलेले द्रावण त्याच दिवशी संपवा. बोअरवेलचे पाणी असेल तर साबणाचा फेस न होता दह्यासारखा साका धरतो. अशा वेळी नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी घ्या. कपड्यांची पावडर वापरू नका, तिच्यातला सोडा पाने जाळतो. दुकानातल्या अझाडिरॅक्टिनच्या (कडुनिंबातल्या कीड रोखणाऱ्या द्रव्याच्या) बाटलीत हे फेटण्याचे काम आधीच केलेले असते. तिचे प्रमाण मात्र पीपीएमनुसार, म्हणजे आतल्या द्रव्याच्या तीव्रतेनुसार बदलते, म्हणून बाटलीवर लिहिले असेल तेवढेच घ्या.

एवढे करूनही थेट फवारा मारला तर उपयोग थोडाच होईल, कारण अंगावरच्या मेणाने पाणी ओघळून जाते. आधी पाइपाचा जोरदार झोत मारून मेण आणि कीड उडवा. बेचक्यांत अडकलेल्यांवर जुन्या टूथब्रशने साबणाचे पाणी घासा. मग संध्याकाळी फवारणी. कुंडी हलवता येत असेल तर ती आडवी करून फवारा. पानांची खालची बाजू भिजवण्याची याहून सोपी युक्ती नाही. कापसासारख्या पिशवीतल्या अंड्यांवर साबणाचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून सातव्या आणि चौदाव्या दिवशी पुन्हा फवारा. पहिल्याच फवारणीनंतर ‘गेली बाई एकदाची’ म्हणून थांबले, की बरोबर पंधरवड्याने पत्र येते.

खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तिचा बंदोबस्त आधी. पिठ्या ढेकणाच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो. तो मिळावा म्हणून मुंग्या त्याची राखण करतात, त्याच्यावर येणाऱ्या मित्रकीटकांना हुसकतात. पानांवर काजळीसारखा काळा थर दिसतो तो याच चिकट्यावर वाढलेल्या बुरशीचा. खोडाला तळापासून वीतभर उंचीवर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून वर ग्रीस लावा. ग्रीस थेट सालीला लावू नका. झाडाची एखादी फांदी भिंतीला किंवा ग्रिलला टेकत असेल तर पट्टी फुकट, मुंग्या त्या पुलावरून येतात. कुंडीतच वारूळ असेल तर अर्धा लिटर पाण्यात १०० ग्रॅम साखर आणि सपाट चमचाभर (५ ग्रॅम) बोरॅक्स विरघळवा. त्यात बुडवलेला कापूस भोके पाडलेल्या डबीत ठेवा. मुंग्या ते घरट्यात नेतात. बोरॅक्स जास्त घातला तर त्या वाटेतच मरतात आणि घरटे शाबूत राहते. डबी मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

फवारणीआधी एक खात्री करून घ्या. ढेकणांच्या गर्दीत अंगावर लांब लांब पांढऱ्या झिरमिळ्या असलेला, आकाराने मोठा आणि काडी लावताच लगबगीने पळणारा किडा दिसला, तर तो क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी. ती पिठ्या ढेकूणच खाते. ढेकूण स्वतः जागचा फारसा हलत नाही. असे मित्रकीटक काय करू शकतात ते पपईने दाखवले आहे. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला प्रथम दिसला आणि पुढच्या दोन वर्षांत बागांचा फडशा पडला. २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून ॲसेरोफॅगस पपाये ही जेमतेम मिलिमीटरभर लांबीची परजीवी माशी आणून सोडली, आणि औषधांना न जुमानणारी कीड तिने आटोक्यात आणली.

आणि जास्वंदीला युरिया किंवा डीएपी देत असाल तर सध्या थांबवा. नत्राने फुटलेली लुसलुशीत पालवी रस शोषणाऱ्या किडींना आमंत्रणच असते.

मिरचीची पाने चुरडली आहेत. कोणी म्हणते व्हायरस, कोणी म्हणते आंबट ताक फवारा. नक्की काय करावे?
— एक वाचक, कोल्हापूर

चुरडा-मुरडा म्हणतात तो एक रोग नाही. तीन वेगळ्या कारणांनी पान वळते, आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पानाच्या कडा वर वळून होडीसारखा आकार झाला असेल, मागची बाजू चंदेरी-तपकिरी दिसत असेल, तर फुलकिडे. कडा खाली वळून उलटी ठेवलेली होडी झाली असेल, देठ लांबलेला आणि पान गडद हिरवे, कडक असेल, तर पानाचा रस शोषणारा सूक्ष्म कोळी. पाने बारीक, सुरकुतलेली, शिरा जाड झालेल्या, सगळे झाडच खुजे राहिलेले आणि फळधारणा थांबलेली असेल, तर तो पांढरी माशी पसरवते तो विषाणू.

खात्रीसाठी पांढरा कागद घ्या. शेंडा त्याच्यावर धरून बोटाने तीन-चार टिचक्या मारा आणि कागद उजेडात धरा. फुलकिडे असतील तर मिलिमीटरभर लांबीचे पिवळसर, काडीसारखे जीव पळताना दिसतात. मिरचीवरचा पिवळा कोळी साध्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. त्यासाठी घड्याळजी वापरतात तसले दहापट भिंग घेऊन कोवळे पान मागून पाहावे लागते. पांढरी माशी ओळखायला काही लागत नाही, झाड हलवले की भुर्रकन उडते.

फुलकिड्यांची अंडी पानाच्या आत असतात आणि कोषावस्था मातीत. म्हणजे कोणत्याही दिवशी फवारले, तरी निम्मी प्रजा फवाऱ्याच्या बाहेर. म्हणून पाच-सहा दिवसांच्या अंतराने तीन फवारण्या लागतात. आधी निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दुहेरी फडक्यातून गाळा, चिमूटभर साबणचुरा घाला. हा अर्क किडा लगेच मारत नाही, त्याचे खाणे आणि कात टाकणे बंद पाडतो. परिणाम दिसायला चार-पाच दिवस जातात. उन्हात तो लवकर निकामी होतो, म्हणून फवारणी सूर्य कलल्यावर करा. झाडांच्या उंचीवर निळे चिकट सापळे लावा. एवढ्याने आवरले नाही तर स्पिनोसॅड ४५ एससी हे कीटकनाशक, लिटरला ०.३ मिली. ते मोजायला झाकण किंवा चमचा चालणार नाही. औषधाच्या दुकानातून १ मिलीची सिरिंज आणा आणि ती फक्त याच कामाला ठेवा. ओला फवारा मधमाश्यांना घातक असतो, म्हणून तेही संध्याकाळीच. फवारल्यानंतर किती दिवस मिरची तोडायची नाही हे बाटलीसोबतच्या चिठ्ठीत दिलेले असते.

कोळी हा कीटक नाही, आठ पायांचा जीव आहे. त्याच्यावर इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकांची औषधे चालत नाहीत. उलट त्याला खाणारे भक्षक मरतात आणि कोळी वाढतो. ‘औषध मारल्यावर जास्त झाले’ ही तक्रार बहुधा इथली असते. पाण्यात मिसळणारे गंधक ८० टक्के, लिटरला २ ग्रॅम, दहा दिवसांनी पुन्हा. ऊन तापलेले असताना गंधक मारले तर पाने भाजतात, आणि निंबाचे तेल फवारल्यावर दोन आठवडे गंधक वापरायचे नाही.

विषाणू असेल तर झाड बरे होत नाही. ताकाने होत नाही, बाटलीतल्या औषधानेही होत नाही. उपटा, पिशवीत घाला, बाहेर काढा, आणि उरलेल्या झाडांजवळ पिवळे चिकट सापळे लावून पांढरी माशी धरा. तीन मिरच्यांच्या बागेत एक झाड उपटायला जिवावर येते, पण ते ठेवले तर उरलेली दोनही जातात.

लिंबाच्या कलमावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काहीतरी होते. दोन दिवसांनी पाहिले तर पाने खाल्लेली! कढीपत्त्यावरही तेच. शिवाय काही पानांवर वेड्यावाकड्या चांदीच्या रेघा आहेत.
— एक वाचक, पुणे

विष्ठेसारखे दिसणारे ते लिंबावरच्या फुलपाखराचे सुरवंट. लहानपणी काळपट-तपकिरी आणि पांढऱ्या डागांचे, मोठेपणी हिरवेगार. डिवचले की डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेले शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. चावत नाहीत. मोठ्या झाडाला त्यांनी काही फरक पडत नाही, पण वीस-पंचवीस पानांचे कलम दोन-तीन सुरवंट आठवड्यात भुंडे करतात. औषध नको, सकाळी हाताने वेचा. कोवळ्या पानांवर मोहरीएवढी, गोल, पिवळसर अंडी एकेकटी दिसतील. तीही पुसून काढता येतात.

वेचलेले सुरवंट मारावेत असे आमचे मत नाही. लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर नीलवंतही वाढते, आणि २०१५ पासून ते महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे. लहानपणी दोघांचे सुरवंट सारखेच दिसतात. जागा असेल तर बी टाकून उगवलेले एखादे लिंबाचे झाड त्यांच्यासाठी राखून ठेवा आणि कलमावरचे सुरवंट तिकडे सोडा.

चांदीच्या रेघा नागअळीच्या. ती पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये पोखरत जाते, त्यामुळे वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. ती फक्त कोवळ्या पालवीवर येते. म्हणून पालवी बोटाच्या पेराएवढी असतानाच निंबोळी अर्काच्या दोन फवारण्या, आठवड्याच्या अंतराने. पान जून झाल्यावर रेघा दिसल्या तर काही करू नका, ते काम संपलेले असते. सारखी छाटणी टाळा. प्रत्येक छाटणीनंतर नवी पालवी येते आणि नागअळीचे ताट पुन्हा वाढले जाते. खैऱ्या रोगाचे जिवाणूही याच जखमांतून शिरतात, तेव्हा फळांवर खरबरीत डाग असतील तर पोखरलेली पाने काढून टाका.

कुंड्या रिकाम्या केल्या तर आत जाड पांढऱ्या अळ्या निघाल्या. हुमणी असावी. सगळी माती फेकून द्यावी का?
— एक वाचक, सातारा

थांबा. कुंडीत निघणारी प्रत्येक पांढरी, वाकडी अळी मुळे खाणारी हुमणी नसते. शेणखतातून येणाऱ्या बऱ्याच अळ्या कुजका पाला आणि शेणच खातात आणि त्याचे खत करतात.

एक सोपी परीक्षा आहे. अळी सपाट फरशीवर ठेवा आणि अर्धा मिनिट पाहा. ती उताणी होऊन, पाय वर करून पाठीवर सरपटायला लागली, तर ती फुलभुंग्याची अळी. दिसायला विचित्र, पण मुळांना निरुपद्रवी. तिला कंपोस्टाच्या ड्रमात सोडा, ती तिथे उपयोगी पडते. पोटावर किंवा कुशीवर धडपडत, इंग्रजी ‘सी’सारखी वळून राहणारी, तांबूस डोक्याची, पुढे ठळक तीन जोड पाय असलेली असेल तर हुमणीचा संशय घ्या. पाय अजिबात नसलेली, चपटी, तपकिरी अळी ओल्या कचऱ्याच्या डब्यात असते ती काळ्या सैनिक माशीची. तिचाही त्रास नाही.

दुसरी खूण झाडाची. माती ओली असून झाड मलूल, आणि धरून ओढले तर मुळे तुटून अलगद हातात येते, तेव्हा मुळे खाल्ली गेलेली असतात.

माती फेकायची गरज नाही. ती प्लॅस्टिकवर दोन इंच थरात पसरा, हाताने अळ्या वेचा, चार दिवस उन्हात ठेवा. साळुंक्या आणि कोंबड्या उरलेले काम करतात. अर्धवट कुजलेले शेणखत मात्र पुन्हा भरू नका. चांगले कुजलेले खत काळे, भुसभुशीत असते आणि त्याला शेणाचा वास येत नाही. मोठ्या कुंड्या रिकाम्या करता येत नसतील तर अळ्यांना मारणाऱ्या मेटारायझियम बुरशीची भुकटी लिटरला १० ग्रॅम मिसळून संध्याकाळी ओल्या मातीत ओता. कोरड्या मातीत ओतले तर पैसे गेले, बुरशीला ओल लागते. त्याच आठवड्यात बुरशीनाशक घातले तरीही गेले.

पुढच्या वर्षासाठी: हुमणीचे भुंगेरे वळवाच्या किंवा मृगाच्या पहिल्या दमदार पावसानंतर तिन्हीसांजेला जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोरीवर बसतात. त्या दिवसांत संध्याकाळी फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्यात टाका. एक मादी तेव्हा मेली, की श्रावणातल्या कितीतरी अळ्या टळतात.

मांडवावरची कारली वाकडी होतात, पिवळी पडतात, कापली की आत अळ्या. कामगंध सापळा लावला, त्यात माश्या भरपूर सापडल्या, पण कारली सुधारली नाहीत.
— एक वाचक, सावंतवाडी

सापळ्यात कोणती गोळी आहे ते आधी पाहा. फळमाश्यांना भुलवणारी दोन वेगळी रसायने मिळतात. मिथाइल युजेनॉल हे आंबा, पेरू, चिकूवरच्या माशीसाठी; क्यू-ल्यूर हे कारली, काकडी, दोडक्याच्या माशीसाठी. कोकणातल्या दुकानांत आंब्यामुळे पहिलेच जास्त खपते. ते तुमच्या मांडवात टांगले तर सापळा भरतो तो आजूबाजूच्या आंब्या-पेरूंवरच्या माश्यांनी, आणि कारल्याची माशी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा घेतला तरी आतला ल्यूर पिकाप्रमाणे मागून घ्या.

दुसरी गोष्ट, हे सापळे फक्त नर पकडतात. शेजारून आलेली, आधीच फळलेली मादी अंडी घालतेच. त्यामुळे चार-सहा वेलांच्या परसात सापळ्यावर विसंबण्यात अर्थ नाही. फळे झाका.

मादीला कोवळी साल लागते. ती अंडनळी खुपसते तिथे डिंकासारखा थेंब येतो. ती बाजू वाढायची थांबते, दुसरी वाढते, म्हणून कारले वाकडे होते. वाकडे दिसले तेव्हा उशीर झालेला असतो. तेव्हा मादी फुलाची पाकळी सुकली की दुसऱ्याच दिवशी, कारले करंगळीएवढे असताना, पिशवी चढवा. वर्तमानपत्राची पिशवी कोकणच्या पावसात एका सरीत लगदा होते. जुन्या नायलॉनच्या साडीची वीतभर लांब पिशवी शिवा, देठाजवळ दोऱ्याने सैल बांधा, खालच्या कोपऱ्यात पाणी निथळायला जागा ठेवा. पाकळी सुकण्याआधी पिशवी घातली तर परागीभवनच होत नाही आणि कारले गळते. ही चूक पहिल्या वर्षी हमखास होते.

किडलेली फळे वेलाखाली टाकू नका. अळ्या पूर्ण वाढल्या की उड्या मारत मातीत शिरतात, दोन-तीन इंचांवर कोष करतात आणि नव्या माश्या तिथूनच निघतात. फळे जाड पिशवीत बांधून उन्हात ठेवा किंवा दोन फूट खोल पुरा. वेलाखालची माती आठवड्यातून एकदा खुरप्याने उलटीपालटी करा, कोष वर येऊन उन्हाने आणि मुंग्यांनी मरतात. सापळा ठेवायचाच असेल तर मांडवाच्या उंचीवर, सावलीत टांगा आणि ल्यूर महिना-दीड महिन्याने बदला.

शेवंतीच्या कळ्यांवर काळा मावा आहे. त्यातच काळे-नारिंगी, काटेरी किडेही फिरतात. दोन्हींवर एकच औषध चालेल का?
— एक वाचक, अहिल्यानगर

काटेरी किडे मारू नका! लहानशा सुसरीसारखी दिसणारी ती ढालकिड्याची अळी. मावा हेच तिचे जेवण. लोक ठिपक्यांचा लाल ढालकिडा ओळखतात आणि त्याच्या पिल्लांवर औषध मारतात. माव्यात काही किडे फुगलेले, तपकिरी, कागदी दिसले तर त्यांच्या आत परजीवी गांधीलमाशी वाढते आहे, ते आधीच मेलेले आहेत. केसाएवढ्या दांडीवर उभी असलेली पांढरी अंडी क्रायसोपा या मित्रकीटकाची. यांपैकी काहीही दिसले तर आठवडाभर फक्त पाण्याचा झोत, तोही सकाळी, म्हणजे कळ्या उन्हात वाळतील. खाली पडलेला मावा सहसा वर चढत नाही. मित्रकीटक मुळीच नसतील आणि कळ्या काळ्याकुट्ट झाल्या असतील, तरच वर दिलेले तेल-साबणाचे द्रावण, आणि उमललेल्या फुलांवर नाही.

वांग्याचे शेंडे माना टाकतात. पाणी तर रोज देतो.
— एक वाचक, जळगाव

पाणी कमी पडले तर सगळे झाड दुपारी मलूल होते आणि संध्याकाळी सावरते. एखाद-दुसराच शेंडा सकाळीसुद्धा मान टाकून असेल, तर आत शेंडे व फळे पोखरणारी अळी. मलूल भागाच्या इंचभर खाली कापा, देठ उभा चिरून पाहा. गुलाबीसर अळी सापडली नाही तर आणखी खाली कापा. कापलेले शेंडे पिशवीत बांधून काढून टाका. दर तीन दिवसांनी एवढे नेमाने केले तर घरच्या आठ-दहा झाडांना औषध लागत नाही. अळी एकदा फळात शिरली की कोणताही फवारा तिच्यापर्यंत जात नाही. संपत आलेली, ‘राहू दे दोन वांगी येतील’ म्हणून ठेवलेली जुनी झाडे हेच पुढच्या लागवडीच्या किडीचे घर.

फ्लॅटमधल्या मनीप्लांटभोवती बारीक काळी चिलटे उडतात. झाड चांगले आहे. फवारणी करू?
— एक वाचक, नवी मुंबई

करू नका, पाणी कमी करा. ही चिलटे कायम ओल्या राहणाऱ्या कोकोपीटमध्ये अंडी घालतात. अळ्या बुरशी आणि कोवळी मुळे खातात. कच्च्या बटाट्याची चकती मातीवर पालथी ठेवा. दोन दिवसांनी खाली काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या जमलेल्या दिसल्या तर निदान पक्के, आणि चकतीसकट फेकताही येतात. वरचा इंचभर थर वाळल्याशिवाय पाणी घालू नका, बशीतले पाणी ओता, मातीवर अर्धा इंच जाड वाळू पसरा. उडणाऱ्यांसाठी एक पिवळे चिकट कार्ड. तीन-चार आठवडे लागतील.

पावसाळ्यात मोठ्या शंखी गोगलगायींनी झेंडू आणि पपईची रोपे फस्त केली. मीठ टाकतो, पण झाडेही मरतात.
— एक वाचक, म्हापसा

मीठ वाफ्यात टाकायचेच नाही, ते मातीत राहते आणि रोपे जळतात. राख आणि चुन्याचा पट्टा कोरडा असेपर्यंतच चालतो. गोव्याच्या पावसात तो अर्धा तास टिकेल. ओली गोणपाटे आणि त्याखाली पपईची किंवा कोबीची पाने संध्याकाळी ठेवा. रात्री आठ-नऊला बॅटरी घेऊन आणि पुन्हा पहाटे उचलून पाहा, गोगलगायी तिथे जमलेल्या असतात. हातमोजे घालून वेचा. त्यांच्या अंगात उंदरांकडून आलेला, मेंदूला त्रास देणारा जंत असू शकतो. पालेभाजी धुऊन घ्यायची तीही यासाठीच. बादलीत दाट मिठाचे पाणी घेऊन त्यात बुडवा आणि नंतर बागेपासून दूर खड्ड्यात पुरा. कुंड्यांखाली, विटांच्या फटीत, भुसभुशीत मातीत साबुदाण्याहून मोठ्या पिवळसर अंड्यांचे पुंजके शोधा, एकेका पुंजक्यात शेकडो असतात. गोगलगायी मारणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या घरी कुत्रा असेल तर आणूच नका, तो त्या खाद्य समजून खातो.

शेतावरून आणलेले अर्धी बाटली औषध घरी आहे, लेबल गेले आहे. गुलाबाला थोडे मारले तर चालेल?
— एक वाचक, सोलापूर

चालणार नाही, ‘थोडे’ किती हे लेबलाशिवाय कळत नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल आणि पिवळे घरच्या बागेत, बाल्कनीत आणू नयेत, हे आमचे स्पष्ट मत. तुमच्या बाटलीचा रंगही आता माहीत नाही. ती मोरीत किंवा गटारात ओतू नका, दुसऱ्या बाटलीत काढू नका. झाकण घट्ट लावून, वर ‘विष’ लिहून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी कुलपात ठेवा आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांना किंवा कृषी सेवा केंद्राला विचारून द्या. गुलाबावर नक्की काय आहे ते कळवा. फोटो पानाच्या मागच्या बाजूचा, शेंड्याचा आणि खोडाच्या तळाचा, असे तीन.